रमण्याचे घर : आमच्या मंडळीच्या स्तोत्र-प्रकल्पाच्या नोंदी

२ जुलै २०२३, रविवार

आज उपासनेनंतर पाळकसाहेब, मंडळीतील वडील (ज्येष्ठ कारभारी), महिला मंडळ आणि तरुण संघ यांची एकत्र बैठक झाली आणि नव्या वाचन प्रकल्पाची जबाबदारी माझ्याकडे आली. आमची मंडळी नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या शिवेवर आहे. बहुतेक घरे अल्पभूधारकांची आणि मजुरांची, आणि त्यांपैकी काही कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात व उन्हाळा लागता लागता परततात. यंदाच्या जानेवारीत आम्ही संपूर्ण पवित्र शास्त्र एका वर्षात वाचण्याचा संकल्प केला होता. ६६ पुस्तके, ११८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन अध्याय, असा तक्ता छापून घराघरांत भिंतीला लावला. उत्पत्ती आणि निर्गम उत्साहाने पार पडले, लेवीयातील होमबलींच्या नियमांपाशी एकामागून एक घर थांबले, आणि मे महिन्यात मी घरभेटीला गेलो तेव्हा तक्ते भिंतीवर तसेच होते, पण त्यांवरच्या खुणा फेब्रुवारीतच संपल्या होत्या.

बैठकीत काहींनी याला आळस म्हटले. मला ते पटले नाही. आमच्या जवळच्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि आजही या पंचक्रोशीत सप्ताह बसला की तिचे पारायण होते. पारायणाला बसणारी माणसे दर वर्षी तोच ग्रंथ वाचतात. तो संपवून बाजूला ठेवावा असे त्यांच्या मनातही येत नाही. आम्ही मात्र देवाचे वचन उरकायला निघालो होतो. शेजाऱ्यांची ही गोष्ट मी बैठकीत मांडली तेव्हा क्षणभर शांतता झाली आणि मग पाळकसाहेब म्हणाले, "गुरुजी, मग तुम्हीच काहीतरी वेगळं सुचवा." त्यांनी एका आठवड्याची मुदत दिली आहे.

९ जुलै २०२३, रविवार

प्रकल्पाची रूपरेषा आज मान्य झाली. संपूर्ण शास्त्र एका वर्षात वाचण्याऐवजी स्तोत्रसंहितेतील मोजकी स्तोत्रे घ्यायची, एकेका स्तोत्रात दोन ते तीन आठवडे राहायचे, ते घरात मोठ्याने म्हणायचे, शक्य त्यांनी पाठ करायचे, आणि त्या स्तोत्राने जे करायला सांगितले असेल ते करण्याचा प्रयत्न करायचा. स्तोत्रसंहिता निवडण्याचे कारण असे, की शास्त्राच्या इतर बहुतेक भागांत देव माणसाशी बोलतो, आणि येथे माणसाने देवाशी काय बोलावे याचे शब्दच देव माणसाच्या तोंडी ठेवतो. १५० स्तोत्रे पाच भागांत विभागलेली आहेत, मोशेच्या पाच पुस्तकांप्रमाणे, आणि त्या साऱ्याच्या दारात पहिले स्तोत्र उभे आहे.

त्या पहिल्या स्तोत्राच्या दुसऱ्या वचनावर मी आज बराच वेळ बोललो. धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्रात रमतो, असे आपले मराठी भाषांतर सांगते. रमणे हा शब्द आपल्या घरांत कुठे वापरला जातो? मुलगी सासरी गेली की महिन्याभराने तिची आई फोनवर विचारते, "रमलीस का गं?" नव्या घरातले भांडे कुठल्या फळीवर आहे, पहाटे पहिले कोण उठते, कोणत्या पायरीला तडा गेलेला आहे, हे सारे न विचारता कळू लागते तेव्हा ती रमलेली असते. कोणालाही हुकूम देऊन रमवता येत नाही, आणि पाहुणा म्हणून एका दिवसात घर पाहून गेलेला माणूसही रमत नाही.

त्याच वचनातला पुढचा शब्द "मनन". तो वाचला की आपल्या डोळ्यांसमोर डोळे मिटून गप्प बसलेला माणूस येतो. मूळ इब्री शब्द 'हागा' आहे आणि तो तोंडाने होणाऱ्या आवाजाचा आहे. यशयाच्या ३१व्या अध्यायात शिकारीवर बसलेला सिंह जो गुरगुरतो त्याला हाच शब्द आहे, आणि ३८व्या अध्यायात आजारी हिज्कीया पारव्यासारखा घुमतो तेथेही हाच. म्हणजे मनन करणारा माणूस वचन पुटपुटत असतो, घोळवत असतो, ते त्याच्या ओठांवर आणि घशात असते. आमच्या महिला मंडळातील ज्यांना वाचता येत नाही त्यांना याचा फार आनंद झाला, कारण जानेवारीच्या तक्त्यात त्यांना जागाच नव्हती.

२३ जुलै २०२३, रविवार

व्यवहारातली पहिली अडचण आली. स्तोत्र २३ सर्वांनी एकत्र म्हणायला घेतले आणि दुसऱ्याच ओळीला गोंधळ झाला. वडीलधाऱ्यांच्या तोंडी बायबल सोसायटीच्या जुन्या वळणाच्या भाषांतराचे "मला काही उणे पडणार नाही", तरुणांच्या मोबाइलमध्ये सोप्या भाषेतील भाषांतराचे लांब वाक्य, आणि एका घरात पंडिता रमाबाईंचे भाषांतर. ज्याचे पाठांतर करायचे त्याचे शब्द सर्वांचे एक असावे लागतात, म्हणून उपासनेत वाचले जाणारे भाषांतरच प्रकल्पासाठी ठरवले. बाकीची भाषांतरे अर्थ समजून घेण्यासाठी शेजारी उघडी ठेवायची आहेत.

या निमित्ताने तरुण संघाला मी थोडा इतिहास सांगितला, कारण आपण ज्या घरात राहतो ते कोणी बांधले हे त्यांना ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ मध्ये छापली गेली. ज्या लोकांनी आपली जुनी पुराणे सोडली होती त्यांना कानाने ऐकण्यासारखे, ओळखीच्या चालीचे काहीच उरले नव्हते, ती उणीव त्या ओव्यांनी भरून काढली. १८११ मध्ये श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या, छापखान्यातून विल्यम केरी आणि त्यांच्या पंडितांनी मराठी नवा करार काढला. आणि रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये इब्री व ग्रीक शिकून, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र उतरवण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे दिली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्याआधी काम पुरे झाले होते, आणि छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी आपल्या हातांनी केले. ज्या स्त्रियांना एकेकाळी कोणी घरात ठेवून घेत नव्हते, त्यांनी खिळे जुळवून हे घर उभे केले. हे सांगताना माझा आवाज भरून आला आणि मी तो लपवला नाही.

६ ऑगस्ट २०२३, रविवार

शब्बाथशाळेत सातवीतल्या एका मुलाने हात वर करून विचारले, "गुरुजी, आकडी आल्यावर धीर कसा मिळेल?" मला क्षणभर काही कळेना. मग लक्षात आले, की स्तोत्र २३च्या चौथ्या वचनात "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" असे आहे, आणि त्याच्या शेजारच्या घरातल्या मुलाला फिट येते, तिला घरात आकडी म्हणतात. गेले दोन आठवडे तो रोज रात्री हे वचन म्हणत होता आणि देव आपल्याला असे का म्हणायला लावतो याचा विचार करत होता. मंडळीतला एकही मोठा माणूस इतका विचार करून ते वचन म्हणत नव्हता. मीही नव्हतो.

योगायोगाने गावाच्या वरच्या माळावर धनगरांचा वाडा उतरला आहे. दुपारी मी दहा-बारा मुलांना घेऊन तेथे गेलो. मेंढपाळाने आम्हाला आकडी हातात घेऊन दाखवली : पुरुषभर उंचीच्या वेळूला टोकाशी बांधलेले वाकडे लोखंड. तिने बाभळीची उंच फांदी खाली ओढून शेळ्या-मेंढ्यांना पाला व शेंगा द्यायच्या. काठीचे काम वेगळे आहे. ती कुत्र्या-लांडग्यासाठी आणि चुकार मेंढीसाठी. मुलाने विचारले, "मेंढीला आकडीची भीती वाटत नाही?" मेंढपाळ म्हणाला, "आवाज आला की पळत येत्यात. पाला खाली येणार हे ठावं असतंय त्यांना."

पॅलेस्टाईनच्या मेंढपाळाची दुसरी काठी याच कामाची होती असा दावा मी करणार नाही. ती बहुधा टेकण्याची आणि वळवण्याची असावी. परंतु ज्या भाषांतरकारांनी हा शब्द निवडला त्यांनी आमच्या माळावरच्या माणसाच्या हाताकडे पाहून तो निवडला असणार. यंदा पाऊस नाही, गवत करपले आहे, आणि अशा वर्षी मेंढरे आकडीवरच जगतात. मृत्युच्छायेच्या दरीत काय धीर देते याचे उत्तर मुलांनी आज डोळ्यांनी पाहिले. परत येताना तो मुलगा वचन मोठ्याने म्हणत होता आणि "आकडी" या शब्दापाशी हात वर करून फांदी ओढल्यासारखे करत होता.

२७ ऑगस्ट २०२३, रविवार

१९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट म्हणून हा महिना लिहिला जाणार, असे दिसते. आमच्याकडे बाजरी निसवण्याआधीच वाळली, आणि वरच्या वस्तीला टँकर लागला आहे. अशा वेळी कोणते स्तोत्र घ्यावे यावर चर्चा झाली आणि स्तोत्र ६३ घेतले. यहूदाच्या रानात असताना दाविदाने रचलेले, रुक्ष, शुष्क, निर्जल भूमीचे.

एका शेतकरी बंधूंनी प्रामाणिक शंका काढली. सगळे स्तोत्र वाचून झाले तरी त्यात पाऊस मागितलेला नाही, दावीद तहानलेल्या जमिनीत उभा राहून देवालाच मागतो, हे कसे? त्यांच्या आवाजात राग होता आणि तो मला योग्यच वाटला. मी एवढेच सांगितले, की पावसाची प्रार्थना आपण केलीच पाहिजे, स्तोत्र ६५ मध्ये नांगरटीच्या सऱ्या भिजवणारा देव आहे, तेही वाचू. पण ६३ला ६३च राहू द्या, त्याच्याकडून आपल्याला हवे ते वदवून घेऊ नका. घरात राहायचे म्हणजे घराच्या भिंती जिथे आहेत तिथे मान्य करणे आले. या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. ते पुढच्या रविवारी येणार आहेत, हे मात्र त्यांनी सांगितले.

१७ सप्टेंबर २०२३, रविवार

ही नोंद लिहायला मला तीन दिवस लागले. प्रकल्पाची वही सर्वांना वाचायला खुली आहे, म्हणून ती लिहिणे भाग आहे.

या पंधरवड्यात स्तोत्र १५ चालू आहे. पाचच वचनांचे आहे, म्हणून सोपे वाटेल असे समजून मी निवडले. "हे परमेश्वरा, तुझ्या मंडपात कोण वस्ती करील?" असा प्रश्न सुरुवातीला आहे. येथे वापरलेले इब्री क्रियापद परक्या मुलखात आसऱ्याने राहणाऱ्याचे आहे. म्हणजे या घरात आपला मालकी हक्क नाही, यजमानाच्या कृपेने मिळालेली जागा आहे, आणि म्हणून या घराची रीत आहे. जो जिभेने चहाडी करत नाही, जो शेजाऱ्याचे वाईट करत नाही, जो शपथ वाहिल्यावर नुकसान झाले तरी फिरत नाही. आणि पाचव्या वचनात, जो आपला पैसा व्याजाने लावत नाही.

मंडळीतल्या एका कुटुंबाला गेल्या वर्षी मुलीच्या ऑपरेशनसाठी मी २०,००० रुपये दिले होते, महिन्याला शेकडा तीन रुपये दराने. मुकादम यापेक्षा जास्त घेतो, सोसायटीचे कर्ज त्यांना मिळत नाही, तेव्हा आपण उपकारच केला, असे मी स्वतःला समजावले होते. चौदा महिन्यांचे व्याज लाल कापडी बांधणीच्या चोपडीत माझ्या सुवाच्य अक्षरात मांडलेले आहे. गेले बारा दिवस मी हे स्तोत्र सकाळ-संध्याकाळ मोठ्याने म्हणत होतो. पहिले चार दिवस पाचवे वचन मी जरा घाईने म्हणत असे आणि हे माझ्या पत्नीच्या लक्षात आले. ती काही बोलली नाही. ते वचन आले की ती भाजी निवडायची थांबे.

गुरुवारी मी त्या घरी गेलो. घेतलेले ८,४०० रुपये व्याज मुद्दलातून वजा केले, उरलेले ११,६०० जमेल तेव्हा जमेल तसे द्यावेत, त्यावर पुढे काही चढणार नाही, असे सांगितले आणि क्षमा मागितली. घरच्या बाईंनी चहा ठेवला. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, यंदा कमी घ्यावी लागेल, एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्या एका वाक्यातून मला कळले की माझे व्याज त्या कोयत्याने फेडत होत्या. वडिलांच्या सभेत हे मी स्वतः सांगितले आहे आणि प्रकल्पाची जबाबदारी दुसऱ्याकडे द्यावी असेही सुचवले. सभेने ती माझ्याकडेच ठेवली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली व पुढचा विषय घेतला.

८ ऑक्टोबर २०२३, रविवार

ऊसतोडीला जाणारी कुटुंबे महिन्याभरात निघतील. जानेवारीचा संकल्प त्यांच्याशिवायच झाला होता. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून आता दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, प्रत्येक कुटुंबाच्या मोबाइलमध्ये स्तोत्र १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे मंडळीतल्याच माणसांच्या आवाजात भरून द्यायची. ही आरोहणस्तोत्रे, म्हणजे सणाला यरुशलेमेकडे चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची म्हणून समजली जातात. लहान आहेत, वाटेत चालता चालता म्हणण्याजोगी आहेत, आणि त्यांपैकी १२०व्यात तर परक्यांत राहावे लागण्याचे दुःखच आहे. दुसरी, प्रत्येक घराने काही स्तोत्रे स्वतःच्या हाताने एका मोठ्या वहीत उतरवून द्यायची, आणि ही वही मंडळीची म्हणून ठेवायची. हाताने लिहिताना डोळा वचनावरून घसरत नाही, हा माझा शिक्षकी पेशातला तीस वर्षांचा अनुभव आहे. वही म्हणून टिकाऊ असल्याने हिशेबाची लाल चोपडीच आणली. ती दुकानातून घेताना मनात काय आले ते लिहीत नाही.

ध्वनिमुद्रणाचे काम तरुण संघातील दोन मुलींनी उत्तम केले. मागे कोंबडे आरवतात, एके ठिकाणी ट्रॅक्टर जातो. ते काढून टाकू नका, असे जाणाऱ्यांनीच सांगितले.

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

सात कुटुंबे आज रात्री ट्रकने निघत आहेत. निरोपाच्या प्रार्थनेत स्तोत्र ९० वाचले. त्याच्या माथ्यावर मोशेचे नाव आहे, आणि पिढ्यानपिढ्या तू आम्हाला निवासस्थान आहेस, असे ते सुरू होते. ज्याच्या नावावर हे शब्द आहेत तो माणूस टोपलीत नदीवर तरंगला, दुसऱ्याच्या राजवाड्यात वाढला, मिद्यानात सासऱ्याची मेंढरे राखली, चाळीस वर्षे तंबूत काढली, आणि वचनदत्त देश नबोच्या डोंगरावरून नुसता पाहून वारला. स्वतःच्या घराचा उंबरा त्याला कधी मिळाला नाही. मुलांना ट्रकमध्ये भांड्यांच्या आणि पत्र्याच्या पेट्यांच्या मधे बसवताना मला हेच पुन्हा पुन्हा आठवत होते.

३ डिसेंबर २०२३, आगमनकाळाचा पहिला रविवार

गेल्या आठवड्याच्या अवकाळी पावसाने ऊसतोडीवरच्या कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, पाणी शिरले. एका कुटुंबाचे शास्त्र भिजून त्याचा लगदा झाला. फोन गव्हाच्या पिशवीत होता म्हणून वाचला. बाई फोनवर म्हणाल्या, "पुस्तक गेलं गुरुजी, पण एकशेएकवीस आमच्याकडं हाय." नवे पुस्तक पाठवण्याची व्यवस्था केली.

१४ जानेवारी २०२४, रविवार

काल आणि आज मी व तरुण संघाचे दोघे जण दक्षिणेकडे एका कारखान्याच्या परिसरात आमच्या कुटुंबांना भेटून आलो. कारखाना आणि गाव यांचे नाव येथे मुद्दाम देत नाही. तेथे रविवार नसतो. पहाटे चारला थळात, म्हणजे उसाच्या फडात, उतरायचे, नवरा तोडतो, बायको वाढे काढून मोळी बांधते, दोघे मिळून एक कोयता. आणि गाडी आली की वेळ कोणतीही असो, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचे. मुले कोपीत किंवा बांधावर.

शनिवारी रात्री आम्ही कोपीसमोर बसलो. उसाच्या पाचटाची, वाकून आत जावे लागणारी कोपी. दाराशी तीन दगडांची चूल, पलीकडे बैल नसलेली गाडी. मी शास्त्र उघडून बोलण्याच्या तयारीने गेलो होतो. परंतु त्या घरच्या बाईंनीच स्तोत्र १२१ सुरू केले आणि नवऱ्याने मागून धरले. हे पाठांतर शब्बाथशाळेच्या धर्तीचे नव्हते. प्रत्येक वचनाच्या मध्यभागी त्या थांबत, जणू मोळीला वेठ घालून गाठ ओढत आहेत, आणि मग उरलेले अर्धे म्हणत. दिवसभर हाताबरोबर म्हणून म्हणून त्या स्तोत्राला त्या कामाचा ठेका लागला आहे. पुटपुटण्याच्या त्या इब्री शब्दाबद्दल जुलैत मी पंधरा मिनिटे बोललो होतो. तो काय आहे हे मला येथे कळले.

या स्तोत्राच्या आठ वचनांत राखण्याचे एकच क्रियापद सहा वेळा येते. आपल्या भाषांतरात ते वेगवेगळ्या शब्दांनी आल्यामुळे चटकन लक्षात येत नाही. मी ते सांगितले आणि म्हटले, की शेताची राखण करतो तसाच हा शब्द समजा. तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "रातच्याला दोन वाजता गाडी भरताना कोण जागं असतंय गुरुजी? आम्ही, आन् तो." तो झोप घेत नाही आणि डुलकीही घेत नाही, हे चौथे वचन मी पाठ्यपुस्तकातल्या ओळीसारखे चाळीस वर्षे म्हणत आलो आहे.

त्यांची मोठी मुलगी सहावीत आहे, म्हणजे पटावर आहे. हंगामात ती धाकट्या भावाला सांभाळते. तिने लिहिलेली स्तोत्राची पाने पावसात भिजली होती, शाई पसरली होती, तरी तिने ती वाळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती. "परत लिहू का?" असे तिने विचारले. मी नको म्हटले. तिच्या शाळेबद्दल मात्र आम्ही वडिलांच्या सभेपुढे विषय ठेवणार आहोत, कारण पुढच्या हंगामात तिने मागे राहावे, मंडळीतल्या एखाद्या घरात राहून शिकावे, अशी सोय आपण करू शकतो. राखणारा जागा आहे, असे तिच्याकडून म्हणवून घ्यायचे आणि आपण निजून राहायचे, हे चालणार नाही.

१४ फेब्रुवारी २०२४, राखेचा बुधवार

उपवासकाळासाठी मी स्तोत्र ८८ सुचवले आणि मतभेद झाला. हेमान एज्राही याच्या नावाचे हे स्तोत्र विलापाचे आहे, पण इतर विलापस्तोत्रांप्रमाणे ते शेवटी स्तुतीकडे वळत नाही. इब्रीत त्याचा अखेरचा शब्दच "अंधार" हा आहे. तरुण संघाचे म्हणणे असे, की साक्ष नेहमी विजयात संपावी, नव्याने आलेल्यांना असे वाचून निराशा येईल. महिला मंडळाने काहीच मत दिले नाही. पाळकसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकून ते ठेवण्याचा निर्णय दिला. देवाने ज्याला आपल्या पुस्तकातून वगळले नाही त्याला आपण का वगळावे, असे ते म्हणाले.

मला स्वतःला असे वाटते, की ज्या घरात रडायला एक खोली नाही तेथे माणूस फार दिवस राहू शकत नाही. हेमान अंधारात असूनही पहिल्या वचनात देवाला आपला तारणारा म्हणतो आणि मग सबंध स्तोत्रभर त्याच्याशीच भांडतो, पाठ फिरवून दुसरीकडे जात नाही.

१० मार्च २०२४, रविवार

वहीतील स्तोत्र ८८चे पान आज परत आले. ते लिहून देण्याची तयारी ज्या भगिनीने दाखवली, त्यांचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर असताना गेला. बैठकीत त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. इतर सर्वांनी स्तोत्र संपल्यावर उरलेल्या जागेत नक्षी काढली आहे, कोणी क्रूस, कोणी वेल, एका मुलाने चिमणी. यांच्या पानावर अठरावे वचन पानाच्या मध्यावर संपते आणि खालचे अर्धे पान कोरे आहे. "इथं काही काढायचं का?" असे वही गोळा करणाऱ्या मुलीने विचारले, तेव्हा "ते तसंच असू दे" एवढेच त्या म्हणाल्या. आज उपासनेत तरुण संघाच्या प्रमुखाने ते पान वाचून दाखवले, आणि वाचून झाल्यावर तोही बराच वेळ तसाच उभा राहिला.

२९ मार्च २०२४, उत्तम शुक्रवार

वधस्तंभावरील सात उद्गारांवर तीन तासांची उपासना झाली. त्यांपैकी दोन उद्गार स्तोत्रांतले आहेत : "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे २२व्या स्तोत्राचे पहिले वचन, आणि आत्मा पित्याच्या हाती सोपवणे हे ३१व्यातले. मार्काने पहिला उद्गार अरामी भाषेत जसाच्या तसा नोंदवून ठेवला आहे. दुखणे असह्य झाले की माणूस आपल्या बोलीत ओरडतो, आणि येशूच्या तोंडी त्या घटकेला जी बोली आली ती स्तोत्राची होती, लहानपणी नासरेथात कानांवर पडलेली. प्रकल्पाबद्दल मी आज याहून अधिक काही लिहीत नाही.

२१ एप्रिल २०२४, रविवार

सर्व कुटुंबे परतली. वहीची पहिली बांधणी आज तपासली. भिजलेली पाने जशीच्या तशी चिकटवली आहेत. जिच्या शिक्षणाचा विषय सभेपुढे होता त्या मुलीसाठी दोन घरांनी तयारी दाखवली आहे. तिच्या आई-वडिलांशी बोलणे चालू आहे.

एक प्रश्न उरला होता. मंडळीतील सर्वांत वयस्कर आजींनी स्तोत्र २३ आपल्या नातीकडून लिहवून घेतले. आजींना आता दिसत नाही आणि पूर्वीही वाचता फारसे येत नव्हते. मिशनच्या बोर्डिंगात दोन वर्षे असताना हे स्तोत्र कानाने शिकल्या होत्या. त्यांचे शब्द आपल्या ठरवलेल्या भाषांतराशी बऱ्याच ठिकाणी जुळत नाहीत. काही शब्द जुन्या भाषांतराचे असावेत, काही त्यांनी सत्तर वर्षांत स्वतःच घडवलेले, आणि एका ठिकाणी, जेथे भोजनाचे ताट वाढले जाते तेथे, त्यांनी "गरम" हा शब्द घातला आहे. मी सवयीप्रमाणे पेन्सिलीने अकरा ठिकाणी खुणा केल्या. पानाच्या तळाशी नातीने बारीक अक्षरात लिहिलेले नंतर दिसले : "हे शब्द आजीचे आहेत. मी विचारून लिहिले."

पाळकसाहेबांशी बोललो. एका शब्दावर एकमत ठेवण्याचा नियम एकत्र म्हणण्यासाठी आहे, वहीसाठी नाही, असे ठरले. समोरच्या पानावर छापील पाठ लिहायचा आणि आजींचे पान तसेच ठेवायचे. संध्याकाळी मी खोडरबराने अकराही खुणा पुसल्या. "गरम" या शब्दाखालची जरा जोरात उमटली होती, ती अजून अंधुक दिसते. वहीत चौदा पाने कोरी आहेत. जूनपासून स्तोत्र ११९ घ्यावे असा विचार आहे : आठ-आठ वचनांची बावीस कडवी, एका आठवड्याला एक.